घरातल्या उजेडातली माणसे: तैलरंगांत खोली आणि मानवाकृती रंगवण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातून तैलरंग शिकायला येणारी बहुतेक मंडळी व्यक्तिचित्रात हात बसला की एकाच ठिकाणी अडतात. चेहरा जमतो, बोटे जमतात, लुगड्याची चुणीसुद्धा जमते. पण माणूस त्या खोलीत बसला आहे असे वाटत नाही. त्या अडचणीभोवती फिरणारे प्रश्न मला सतत विचारले जातात. त्यांची उत्तरे इथे जरा सविस्तर लिहिली आहेत.

माणूस खोलीत बसलेला न वाटता कापून चिकटवल्यासारखा का दिसतो?

बहुतेक वेळा चेहरा एका उजेडात आणि खोली दुसऱ्याच उजेडात रंगवलेली असते. आपण चेहऱ्यापाशी आठ-आठ दिवस रमतो, त्याच्या सावल्या हळूहळू उजळ करत नेतो आणि शेवटी उरलेल्या जागेत भिंत, फळी, हंडा-कळशी भरून टाकतो. खोलीतला उजेड मात्र माणसासाठी वेगळा नसतो. खिडकीतून आलेला उजेड आधी जमिनीवर आणि भिंतीवर पडतो, तिथून उलटून हनुवटीखाली, कोपराखाली, मांडीच्या सावलीत शिरतो. म्हणून चेहऱ्याची छटा ही चेहऱ्याची एकट्याची नसते. मागची भिंत आणि खालची जमीन ठरल्याशिवाय ती ठरवताच येत नाही.

यावर एकच सवय मला खात्रीने लागू पडलेली दिसते. सुरुवातीला डोळे किलकिले करून संपूर्ण दृश्य फक्त चार किंवा पाच छायाभेदांत, म्हणजे उजळ ते गडद अशा पायऱ्यांत पाहावे आणि पोस्टकार्डाएवढ्या कागदावर तसेच रंगवावे. यात नाक-डोळे काढू नयेत. सावलीतला गाल आणि त्यामागचा अंधार एकाच छटेचे दिसत असतील, तर तिथे रेषा न ओढता ते खुशाल एकमेकांत मिसळू द्यावेत. एवढ्या लहान चित्रात माणूस बसलेला दिसला, तर तो मोठ्या कॅनव्हासवरही बसतो. लहान चित्रात तो दिसला नाही, तर मोठ्या चित्रात कितीही कारागिरी ओतली तरी फरक पडत नाही.

पहिल्या चित्रासाठी कोणता प्रसंग घ्यावा?

एक माणूस, एक खिडकी आणि हाताला काम, एवढे पुरे आहे. निपाणीकडच्या घरांत मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी बाई हा मला या भागातला अतिशय समृद्ध विषय वाटतो. ओलसर पान पत्र्याच्या मापावर कात्रीने कापणे, चिमटीने तंबाखू भरणे, पान वळणे, टोके दुमडणे आणि दोरा बांधणे या सगळ्या हालचाली इतक्या ठरलेल्या असतात की हाताची तीच स्थिती मिनिटा-मिनिटाला परत येते आणि चित्रकाराला ती पुन्हा पाहता येते. बेळगावातल्या वडगाव किंवा खासबागेतल्या विणकराच्या घरातला मागही सुंदर दिसतो, पण सुताच्या शेकडो रेषा नवशिक्याला गुंतवून टाकतात. तो विषय दुसऱ्या वर्षासाठी ठेवावा.

दोन माणसे एकदम घेण्याची घाई करू नये. दोघांमधली रिकामी जागा रंगवणे हे दोन माणसे रंगवण्यापेक्षा अवघड असते.

उत्तरेच्या खिडकीचा उजेड घ्यावा असे सगळीकडे सांगतात. आपल्याकडेही तेच खरे आहे का?

अर्धेच खरे आहे, आणि हा मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे. हा सल्ला युरोपातल्या स्टुडिओंमधून आला. तिथे दुपारचा सूर्य बाराही महिने दक्षिणेकडे असतो, त्यामुळे उत्तरेच्या खिडकीतून दिवसभर आकाशाचा थंड आणि स्थिर उजेड मिळतो. बेळगाव मात्र सुमारे १६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेकडे सरकलेला असतो, आणि या दिवसांत सकाळ-संध्याकाळचे ऊन उत्तरेच्या खिडकीतून तिरपे आत येते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात मात्र उत्तरेचा उजेड अगदी पुस्तकात सांगितल्यासारखा वागतो. मोठे चित्र त्या महिन्यांत सुरू करावे.

आपल्या जुन्या घरांत आणखी एक उजेड असतो, जो परदेशी पुस्तकांत सापडत नाही. मंगळुरी कौलांच्या छपरात एखादे काचेचे कौल बसवलेले असते आणि त्यातून माजघरात कवडसा पडतो. वरून येणारा हा उजेड कपाळ, नाकाचा शेंडा आणि हातांची पाठ उजळतो आणि डोळ्यांच्या खोबणी अंधारात टाकतो. त्याची अडचण एवढीच की तो थांबत नाही. बारा फूट उंचीच्या कौलातून जमिनीवर पडलेला कवडसा दुपारच्या सुमारास तासाला जवळजवळ तीन फूट सरकतो. म्हणून कवडशाची जागा पहिल्या दहा मिनिटांत खडूने जमिनीवर आणि कोळशाने कॅनव्हासवर आखून घ्यावी आणि नंतर तो कितीही मोहक ठिकाणी गेला तरी त्याच्यामागे जाऊ नये.

परड्याकडचे दार उघडे असेल तर खालून येणारा उजेडही तपासावा. तांबड्या मातीच्या अंगणावरून उलटून आलेला उजेड छताच्या वाशांना आणि हनुवटीच्या खालच्या भागाला तांबूस करतो, लाल कोब्याची जमीनही तेच करते, तर शहाबादी फरशी त्याच सावल्या करड्या आणि थंड ठेवते. सावलीचा रंग कोणता, हा प्रश्न चेहऱ्याकडे पाहून सुटत नाही. जमिनीकडे पाहून सुटतो.

जमिनीवर बसलेली माणसे नेहमी घसरत असल्यासारखी का दिसतात?

कारण जमीन एका दृष्टिपातळीवरून आणि माणूस दुसऱ्या दृष्टिपातळीवरून काढला जातो. ईझलसमोर, म्हणजे कॅनव्हास ठेवायच्या घोडीसमोर उभे राहून चित्रकार जमीन वरून पाहतो, पण चेहरा काढताना नकळत तो समोरासमोर असल्यासारखा काढतो, कारण चेहरे समोरून पाहण्याची आपल्याला सवय असते. त्यामुळे जमीन वर चढते आणि माणूस तिच्यावर टेकत नाही.

यासाठी एक साधा हिशेब ठेवावा. उभ्या चित्रकाराचे डोळे जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर असतात आणि मांडी घालून बसलेल्या मोठ्या माणसाचे डोके साधारण अडीच फुटांवर येते. म्हणजे बसलेला माणूस जवळ असो वा दूर, तो ज्या ठिकाणी बसला आहे तिथून दृष्टिरेषेपर्यंतचे, म्हणजे चित्रकाराच्या डोळ्यांच्या उंचीवरच्या आडव्या रेषेपर्यंतचे अंतर चित्रात मोजले, तर बसलेल्याची उंची त्या अंतराच्या जवळपास निम्मी भरली पाहिजे. त्याच खोलीत दारात उभी असलेली व्यक्ती कितीही मागे असली तरी दृष्टिरेषा तिच्या कपाळाच्या आसपासच जाईल. फरशीचे सांधे, चौकटीचा वरचा काठ आणि फळ्या यांच्या आपल्यापासून दूर जाणाऱ्या रेषा लांबवल्या की याच दृष्टिरेषेवर मिळतात. हे एकदा हलक्या हाताने आखून घेतले की पुढचे निम्मे वाद मिटतात.

चित्रकार स्वतःच पाटावर किंवा बुटक्या स्टुलावर बसला तर सगळे बदलते. मग बसलेल्या सगळ्यांचे डोळे जवळपास एका रेषेत येतात, जमीन अरुंद पट्टीसारखी दिसते आणि चित्रात आपोआप घरोबा येतो. स्वयंपाकघरातल्या प्रसंगांसाठी मला ही बैठक जास्त आवडते. चुलीसमोरच्या आजीकडे वरून पाहण्यात एक दुरावा आहे आणि तो चित्रात उतरतो.

प्रमाणाबाबत एवढेच लक्षात ठेवावे की उभा माणूस साधारण साडेसात डोकी उंच भरतो, खुर्चीवर बसलेला सुमारे सहा आणि मांडी घातलेला सुमारे चार. लुगड्याच्या घोळामुळे मांडी मोठी दिसते म्हणून धड लांबवण्याची चूक फार जण करतात.

फोटोवरून रंगवले तर चालेल का?

चालेल, पण फोन कुठे धरला होता हे पाहावे. फोनची मुख्य लेन्स रुंद दृश्य घेणारी असते, त्यामुळे जवळून फोटो काढला की पुढचा गुडघा डोक्याएवढा होतो आणि भिंती बाहेर कलतात. आठ-दहा फूट मागे जाऊन दुप्पट झूमवर फोटो घ्यावा. शिवाय खिडकी आणि अंधारा कोपरा फोटोत एकदम नीट येत नाहीत. म्हणून एक फोटो खिडकीसाठी आणि एक सावलीसाठी घ्यावा आणि रंगांची टिपणे प्रत्यक्ष खोलीत बसून करावीत. फोटोतला सावलीचा काळा रंग हा खोलीतला रंग नसतो.

कॅनव्हास घरी तयार करावा की विकतचा घ्यावा?

दोन्ही चालते, पण अस्तर, म्हणजे रंगाआधी कापडावर दिलेला थर, तपासल्याशिवाय रंगाला हात लावू नये. माझे एक चित्र, दारातल्या उजेडात शेंगा सोलणाऱ्या दोन बहिणींचे, दोन पावसाळ्यांनंतर हनुवटीपासून पापुद्र्यासारखे सुटू लागले. कॅनव्हास एका दुकानातून अस्तर लावलेला म्हणून घेतला होता. सुटलेला तुकडा बोटांत धरला तेव्हा त्याच्या मागची पांढरी पूड हाताला लागली. अस्तर भिंतीला देतात त्या डिस्टेंपरचे होते. ते चित्र वाचवता आले नाही आणि त्याची हळहळ अजून जात नाही. तेव्हापासून प्रत्येक नव्या कॅनव्हासच्या कोपऱ्यावर ओले बोट घासून पाहतो. पांढरे बोटाला आले तर तो कॅनव्हास तैलरंगासाठी नाही.

घरी करायचा असेल तर जाड मांजरपाट चौकटीवर ताणून त्यावर अ‍ॅक्रिलिक जेसोचे (अस्तरासाठी मिळणाऱ्या तयार पांढऱ्या लेपाचे) तीन पातळ थर द्यावेत, प्रत्येक थर वाळल्यावर पॉलिशपेपर हलका फिरवावा. उघड्या कापडावर तैलरंग थेट लावला तर तेल धाग्यांत मुरते आणि कापड कालांतराने ठिसूळ होते. खोलीच्या चित्रासाठी पांढऱ्या कॅनव्हासवर सुरुवात न करता टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला बर्न्ट अंबर चिंधीने पुसून मध्यम तपकिरी पृष्ठ करून घ्यावे; अंधाऱ्या माजघरात पांढरा रंग फक्त खिडकीपाशी असतो.

त्वचेसाठी कोणते रंग घ्यावेत?

'स्किन टोन' किंवा 'फ्लेश टिंट' नावाची तयार ट्यूब बाजूला ठेवावी. ती आपल्याकडच्या त्वचेची नाही आणि खोलीतल्या उजेडाची तर मुळीच नाही. यलो ऑकर, बर्न्ट सिएना, कॅडमियम रेड, अल्ट्रामरीन ब्ल्यू, बर्न्ट अंबर आणि टायटॅनियम व्हाइट एवढ्या सहा रंगांत आपल्या घरातली सगळी माणसे रंगवता येतात. सावळ्या त्वचेवर उजेडाची चमक जास्त ठसठशीत दिसते आणि ती आकाशाच्या उजेडात निळसर करडी असते. तिथे नुसता पांढरा रंग लावला तर कपाळ खडूसारखे दिसते. उजेड आणि सावली जिथे मिळतात तो पट्टा हिरवट करडा होतो. तो ऑकरमध्ये चिमूटभर अल्ट्रामरीन घालून मिळतो आणि चेहऱ्याला मांसलपणा खरे तर तोच देतो. गडद सावल्यांसाठी बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन यांचे मिश्रण काळ्या रंगापेक्षा जिवंत राहते.

घाण्यावरचे जवसाचे तेल वापरता येईल का? शेंगदाण्याचे का नाही?

आपल्याकडे जवसाची चटणी घरोघरी असते, म्हणून हा प्रश्न स्वाभाविक आहे. तैलरंग पाण्यासारखे उडून वाळत नाहीत. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेते आणि त्याचा चिवट पापुद्रा बनतो. शेंगदाण्याचे तेल असा पापुद्रा धरतच नाही, त्यामुळे ते घातलेले चित्र वर्षानुवर्षे चिकट राहते. घाण्यावरचे जवसाचे तेल वाळते खरे, पण त्यातला चिकट गाळ काढलेला नसतो आणि ते लवकर पिवळे पडते. चित्रासाठी शुद्ध केलेले तेलच घ्यावे. लागते तरी किती, महिनाभराच्या कामाला शंभर मिलिलिटरची बाटली पुरून उरते.

थर कोणत्या क्रमाने द्यावेत?

खालचे थर टर्पेंटाइनने पातळ आणि वरचे थर तेलाने स्निग्ध, हा क्रम मोडू नये. स्निग्ध थर सावकाश वाळतो. त्याच्यावर लवकर वाळणारा पातळ थर बसला की खालचा थर हलत राहतो आणि वरचा तडकतो. याच कारणाने अंधाऱ्या कोपऱ्याच्या पहिल्या थरात आयव्हरी ब्लॅक वापरू नये, तो फार सावकाश वाळतो. बर्न्ट अंबर लवकर वाळतो आणि तिथे योग्य ठरतो. झिंक व्हाइट खालच्या थरांत टाळावा, कारण त्याचा थर कालांतराने ठिसूळ होतो.

माझा स्वतःचा क्रम असा की पहिल्या बैठकीत अंबरमध्येच सगळी खोली आणि माणसे छायाभेदांत मांडायची, दुसरीत भिंत, जमीन आणि कपडे यांचे मोठे रंग लावायचे आणि चेहरा त्यानंतरच हाती घ्यायचा. चेहऱ्यासाठी तीन-चार दिवस थांबणे अनेकांना जड जाते, पण तोवर भिंत आणि जमीन चेहऱ्याचा रंग जवळजवळ सांगून चुकलेल्या असतात.

पावसाळ्यात काय करावे?

खानापूरकडे जून ते सप्टेंबर कॅनव्हासच्या मागे बुरशी येते आणि एरवी तीन दिवसांत वाळणारा थर आठवडाभर ओलसर राहतो. चित्र भिंतीला टेकवून ठेवू नये, मागून हवा खेळू द्यावी. चुलीच्या धगीत किंवा हीटरसमोर वाळवण्याचा मोह टाळावा. वरचा पापुद्रा धरतो आणि आतला रंग ओलाच राहतो. या महिन्यांत रेखाटने आणि लहान रंगटिपणे करावीत. पावसाळी दुपारचा घरातला मऊ उजेड त्यासाठी फार सुंदर असतो.

आकृतीच्या कडा किती स्पष्ट ठेवाव्यात?

सगळ्या कडा सारख्या स्पष्ट ठेवल्या की चित्र निर्जीव होते. डच चित्रकार व्हर्मीरने सतराव्या शतकात रंगवलेली दूध ओतणारी बाई, जी अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे, या प्रश्नाचे उत्तम उत्तर आहे. खिडकी डावीकडे आहे. बाईची उजेडातली बाजू भिंतीच्या सावलीतल्या भागासमोर येते आणि तिची सावलीतली बाजू भिंतीच्या उजळ भागासमोर येते. त्यामुळे एकही जाड रेषा न ओढता ती भिंतीपासून सुटून उभी राहते. संग्रहालयाने २०२२ मध्ये जाहीर केलेल्या तपासणीत असेही दिसले की तिच्या मागे सुरुवातीला रंगवलेला भांडी अडकवायचा फळा त्याने नंतर झाकून टाकला होता. आपल्या माजघरात कॅलेंडर, देवांच्या तसबिरी, ट्रंका, घड्याळ असे बरेच काही असते आणि ते सगळे रंगवावेसे वाटते. पण माणसाच्या डोक्यामागे रिकामी भिंत ठेवण्याचे धैर्य व्हर्मीरलाही काम सुरू केल्यावरच आले.

इरकली लुगडे आणि खणाची चोळी रंगवताना नक्षीत हरवायला होते. काय करावे?

आधी नक्षी नसलेले कापड रंगवावे. पदर खांद्यावरून कुठे घट्ट आणि कुठे सैल आहे, गुडघ्यावर ताण कुठे आहे हे पूर्ण झाल्यावर काठ आणि पदराचे पट्टे त्या घडीवरून वळवत न्यावेत. सावलीत गेलेली नक्षी दिसत नाही, म्हणून ती काढूही नये. खणाच्या चोळीची बुट्टी फक्त उजेडातल्या बाहीवर पाच-सात ठिकाणी अचूक दिली, तर पाहणाऱ्याचा डोळा उरलेली स्वतः भरतो.

दिव्याच्या उजेडातला प्रसंग कसा रंगवावा?

इथे सावंतवाडीत जन्मलेले चित्रकार सावळाराम हळदणकर यांचे हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र आठवते. ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील संग्रहालयात आहे. अनेक जण ते रवि वर्मांचे तैलचित्र समजतात. प्रत्यक्षात ते हळदणकरांचे जलरंगचित्र आहे आणि त्यासाठी त्यांची मुलगी उभी राहिली होती. ज्योत हाताने झाकलेली आहे, बोटांच्या कडांतून तांबडा उजेड झिरपतो आणि चेहरा खालून उजळतो. तैलरंगात काम करणाऱ्यानेही हे चित्र जाऊन पाहावे, कारण ज्योत न दाखवता उजेड कसा दाखवावा हे त्यात आहे.

ज्योतीपासून अंतर दुप्पट झाले की उजेड एक चतुर्थांश उरतो. म्हणून दिव्याशेजारचा हात आणि दोन हातांवरची भिंत यांच्यात आपल्याला वाटते त्यापेक्षा फार मोठी दरी असते. पॅलेटवरचा सर्वांत उजळ रंग ज्योतीजवळच्या एकाच ठिकाणी वापरावा आणि बाकी सगळे त्याच्या खाली ठेवावे.

समोर बसणाऱ्या व्यक्तीकडून किती वेळ अपेक्षावा आणि पैसे द्यावेत का?

वीस मिनिटे बैठक आणि पाच मिनिटे विश्रांती हे मांडी घालून बसणाऱ्याला झेपते. उठण्याआधी पाय, सूप आणि पाट यांच्या जागा खडूने आखाव्यात. मोबदला द्यावाच. विडी कामगाराला हजार विड्यांमागे मजुरी मिळते. आपल्यासाठी थांबलेला तिचा हात म्हणजे बुडालेली मजुरी असते, म्हणून दिवसाचा हिशेब तिलाच विचारून तेवढी रक्कम आधी द्यावी. "मावशी, तुम्ही तुमचं काम चालू ठेवा, मी माझं करतो," असे सांगून बसले तर अवघडलेपणही जाते आणि हात खरे दिसतात. चित्र कुठे लावणार आहोत हे तिला सांगावे, आणि झाल्यावर आधी तिला दाखवावे.

वॉर्निश कधी द्यावे आणि चिंध्यांचे काय करावे?

वॉर्निशसाठी, म्हणजे पुऱ्या झालेल्या चित्रावरच्या पारदर्शक संरक्षक लेपासाठी, किमान सहा महिने, जाड थर असतील तर वर्षभर थांबावे. जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. वाळताना त्या स्वतः तापतात आणि ढिगाऱ्यात पेट घेऊ शकतात. त्या बाहेर एकेक पसरून कडक वाळू द्याव्यात किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाकाव्यात. टर्पेंटाइन वापरताना खिडकी उघडी ठेवावी, आणि परड्यातल्या माठाच्या पाण्यात ब्रश धुऊ नयेत.